पुण्यातला नर्सेससाठीचा जर्मन क्लास : जर्मनीत दोन वर्षं काढल्यावरचा माझा अभिप्राय

मी बार्शीची. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत पाच वर्षं काम केलं. जून २०२२ मध्ये कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूला असलेल्या एका क्लासला जर्मन शिकायला लागले, नोव्हेंबर २०२३ मध्ये श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलात रुजू झाले आणि आता तिथेच परवानाधारक नर्स आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तेव्हापासून गावाकडच्या, कॉलेजच्या ज्युनिअर मुलींचे फोन सुरू झाले आहेत. सगळ्यांचा प्रश्न एकच, "ताई, तुझा क्लास कसा होता गं? जाऊ का?" फोनवर अर्ध्या तासात सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असे क्लास आता पुण्यात बरेच निघाले आहेत आणि काय तपासायचं, काय विचारायचं हे सगळीकडे सारखंच आहे. आधीच सांगते, भाषा शिकायला तिथे डोळे मिटून जा. नोकरीबद्दल मात्र ते तोंडी जे सांगतात ते एकेक करून कागदावर घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. चार दिले असते, पण माझ्या रूम पार्टनरच्या बाबतीत जे झालं ते मला विसरता येत नाही. ते पुढे येईलच.

या क्लासच्या आधी, २०२१ मध्ये, मी एका एजंटाकडे फसले होते. ऑफिस चकाचक, भिंतीवर परदेशातल्या हॉस्पिटलांचे फोटो. 'रजिस्ट्रेशन' म्हणून त्याने ७५,००० रुपये घेतले आणि 'फाइल लावायला लागतात' असं सांगून चारही वर्षांच्या मूळ मार्कशीट आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट ठेवून घेतलं. चार महिने फक्त 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच उत्तर. शेवटी अण्णा बार्शीहून एसटीने आले आणि सकाळी दहापासून त्या ऑफिसच्या बाकावर बसून राहिले. चढ्या आवाजात एक शब्द बोलले नाहीत, फक्त उठले नाहीत. संध्याकाळी सहाला कागद हातात पडले. पैसे निम्मेच परत आले. ती निम्मी रक्कम म्हणजे माझे दीड महिन्याचे पगार होते.

म्हणून आधी हे तपासा. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना असावा लागतो आणि तो ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही पाहता येतो. उमेदवाराकडून तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेऊ शकतो. जर्मनीच्या बाजूनेही 'फेअर आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड' नावाचं सरकारी मानचिन्ह आहे. ज्या संस्थेकडे ते आहे तिने भरतीचा खर्च नर्सकडून घ्यायचा नाही, तो नोकरी देणाऱ्याने उचलायचा, हा त्यातला मुख्य नियम. केरळच्या काही मुली तर नोर्का रूट्स या केरळ सरकारच्या संस्थेमार्फत 'ट्रिपल विन' या सरकारी योजनेतून येतात, त्यांच्याकडून भरतीचे पैसे घेतलेच जात नाहीत. मला यातलं काही माहीत नव्हतं आणि विचारावं असं सुचलंही नव्हतं.

आता क्लासबद्दल. जुना दुमजली बंगला. खाली दोन वर्ग, वर मुलींचं होस्टेल, मागे मेस. आमच्या बॅचला बावीस जणी आणि दोन मुलगे. नांदेड, सोलापूर, धुळे, शिवाय सहा जणी केरळच्या. सगळे नर्सच. सकाळी नऊ ते चार वर्ग, मध्ये पाऊण तास जेवण, रात्री आठ ते दहा सक्तीचा अभ्यास. होस्टेल साधं पण स्वच्छ. गरम पाणी फक्त सकाळी साडेसहापर्यंत. मेसच्या मावशींच्या हातची भाकरी चांगली, भाजीत पाणी फार. एवढंच त्याबद्दल, कारण तिथे कोणी राहण्याच्या सोयीसाठी जात नाही.

जर्मन शिकवणाऱ्या मॅडम मात्र अशा की त्यांच्यासाठी दोन तासांचा प्रवास करून रोज यावं. वय साठीच्या आसपास. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हांला फळ्यावर जर्मन काहीच लिहून दाखवलं नाही. 'चार, चिंच' आणि 'चाक, चूल' असे मराठी शब्द लिहिले आणि मोठ्याने म्हणायला लावले. मग म्हणाल्या, "चुलीतला च आहे ना, तोच जर्मन लोकांचा झेड. तुम्हांला तो आईच्या पोटातून येतानाच मिळालाय. दिल्लीच्या मुलीला तो शिकवायला मला आठवडा लागतो." आणि खरंच, 'त्सान' म्हणजे दात, 'त्साइट' म्हणजे वेळ, हे आम्हा मराठी मुलींच्या तोंडात तिसऱ्या मिनिटाला बसलं. ओठ 'ऊ'चे करून जीभ 'ई'ची ठेवायची, की जर्मन भाषेतला तो दोन टिंबांचा स्वर येतो, हेही त्यांनीच आरशासमोर उभं करून शिकवलं. होस्टेलच्या बेसिनवरच्या आरशासमोर आम्ही रात्री दात घासताना तो स्वर काढायचो.

लिंगाचंही तसंच. इंग्रजीतून जर्मन शिकवणारे सांगतात की तीन लिंगं असतात, पाठ करा. मॅडम म्हणायच्या, "तो, ती, ते तुमच्या घरात आहे, मग घाबरता कशाला?" मूल हे मराठीतही 'ते' आणि जर्मनमध्येही 'ते'. पण त्या लगेच टेबलावर चमचा, काटा आणि सुरी मांडायच्या. आपल्याकडे तो चमचा, तो काटा, ती सुरी. जर्मनमध्ये तो चमचा, ती काटा, ते सुरी. आपली सवय कुठे उपयोगी पडते आणि कुठे पाय घसरवते हे त्या एकाच खेळात कळायचं. कुठल्याही ॲपवर मला हे मिळालं नव्हतं. आधी सहा महिने मी ॲपवरच शिकायचा प्रयत्न केला होता.

'तू' आणि 'तुम्ही' याचा धडा तर त्यांनी आठवडाभर घेतला. जर्मनमध्ये 'डू' म्हणजे तू, 'झी' म्हणजे तुम्ही. आपण आजीला, आईला प्रेमाने तू म्हणतो, आणि वॉर्डात म्हाताऱ्या बाईशी बोलताना 'आजी, तू जेवलीस का' हे आपोआप तोंडातून येतं. मॅडम त्या जागी आम्हांला दर वेळी थांबवायच्या. "तिकडे पेशंटला अहो-जाहोच करायचं. डू म्हणालात तर तिला वाटेल तुम्ही तिला लहान मूल समजताय." आमच्या वॉर्डात आज जेव्हा नवीन आलेल्या परदेशी मुलींना या एका गोष्टीवरून बोलणी बसतात, तेव्हा मला मॅडमची आठवण येते.

त्यांची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे शनिवारची ऊबरगाबे. ऊबरगाबे म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटचा चार्ज देणं, आपण हँडओव्हर म्हणतो ते. शनिवारी अकरा वाजता मॅडम दोघी-दोघींच्या जोड्या लावायच्या, एकीला वरच्या मजल्यावर पाठवायच्या आणि फोनवरून सहा पेशंटचा चार्ज द्यायला सांगायच्या. समोर चेहरा नाही, हातवारे नाहीत, कागद बघायचा पण वाचून दाखवायचा नाही. वरची मुलगी ऐकून लिहून काढणार आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवून मॅडम तपासणार. एकदा मी 'फिअरउंडत्स्वांत्सिश' म्हणाले आणि पलीकडे ४२ लिहिलं गेलं. जर्मनमध्ये चोवीस हा आपल्यासारखाच बोलतात, आधी चार मग वीस. मी बरोबर बोलले होते, पण वरच्या मैत्रिणीने इंग्रजीच्या सवयीने जसं ऐकलं तसं डावीकडून लिहीत नेलं. तो आकडा इन्सुलिनच्या युनिटचा होता. मॅडमनी तो कागद सगळ्यांना दाखवला आणि काहीही न बोलता फळ्यावर चिकटवून ठेवला. महिनाभर तो तिथेच होता. त्यानंतर आमच्यापैकी कोणीही पूर्ण आकडा ऐकल्याशिवाय पेन टेकवला नाही. मी आजही टेकवत नाही.

परीक्षा बोट क्लब रोडवरच्या माक्स म्युलर भवनात झाली. बी २ या चौथ्या पातळीला वाचन, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग असतात, प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात आणि एखादा भाग राहिला तर तेवढाच परत देता येतो. माझे तीन भाग निघाले, ऐकण्यात ५४ पडले. यात क्लासची चूक आहे असं मला वाटतं. वर्गात ऐकवायच्या सीडी जुन्या, एकाच बाईचा आवाज, सावकाश आणि स्वच्छ. परीक्षेत दोघं-तिघं एकमेकांचं बोलणं तोडत बोलतात. दुसऱ्या वेळेला मी रोज रात्री जर्मन रेडिओच्या बातम्या ऐकल्या, पाच आठवड्यांनी तोच भाग परत दिला आणि पास झाले. दुसऱ्यांदा दिलेल्या परीक्षेची फी आपल्यालाच भरावी लागते, हेही क्लासने आधी सांगितलं नव्हतं. नवीन सीडी आणल्यात असं अलीकडे एका मुलीने सांगितलं, तसं असेल तर फारच बरं.

पैशांचा व्यवहार स्वच्छ होता. ए १ आणि ए २ या पहिल्या दोन पातळ्यांचे मिळून ४२,००० रुपये मी भरले, होस्टेल आणि मेसचे महिन्याला ८,०००. दर वेळी पावती. ए २ झाल्यावर हॉस्पिटलशी व्हिडिओवर मुलाखत झाली, आणि तिथून पुढचं सगळं, म्हणजे बी १, बी २, पहिल्या वेळची परीक्षा फी, कागदांची भाषांतरं, व्हिसा, तिकीट हे हॉस्पिटलने केलं. कागद जलद निघावेत म्हणून जर्मनीत एक वेगळी पद्धत आहे, मालकाने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करायचा आणि ४११ युरो भरायचे. तेही हॉस्पिटलनेच भरले. माझ्या मनात सर्वांत जास्त घर केलेली गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या दिवशी ऑफिसातल्या सरांनी माझ्या मूळ मार्कशीट स्कॅन केल्या आणि पाच मिनिटांत माझ्या हातात परत दिल्या. मी अण्णांना लगेच फोन केला. ते एवढंच म्हणाले, "मग शीक तिथे."

कराराचा मसुदाही घरी न्यायला दिला, जर्मन आणि इंग्रजी दोन्हीत. परवाना मिळाल्यावर दोन वर्षं त्याच हॉस्पिटलात राहायचं, आधी सोडलं तर भाषेचा खर्च परत करायचा आणि ती रक्कम महिन्यामहिन्याने कमी होत जाणार, असं स्पष्ट आकड्यासकट लिहिलेलं होतं. माझ्या मते ही अट रास्त होती. तुमच्या करारात आकडा नसेल, नुसतं 'झालेला खर्च' असं लिहिलेलं असेल, तर सही करू नका.

जाहिरातीत आणि पहिल्या सेमिनारमध्ये क्लास सांगतो, 'जर्मनीत नर्सची नोकरी'. खरं असं आहे की तिथे उतरल्यावर तुम्ही नर्स नसता. आपली पदवी तिकडच्या अभ्यासक्रमाशी तासातासाने ताडून बघतात. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये हे काम श्टुटगार्टचं सरकारी कार्यालय करतं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी असली तरी थिअरी किती तास, प्रॅक्टिकल किती तास, कुठल्या वॉर्डात, हे कॉलेजच्या सहीशिक्क्याने लागतं. मला वृद्धांच्या शुश्रूषेचे तास कमी आहेत असं पत्र आलं, बहुतेक भारतीय मुलींना असंच येतं. मग दोन वाटा असतात, एक तर काही महिन्यांचं प्रशिक्षण किंवा 'केन्टनिसप्रूफुंग' नावाची ज्ञानपरीक्षा. ती पास होईपर्यंत तुम्ही 'हेल्फरिन', म्हणजे मदतनीस. पगारही मदतनिसाचा. मला सुरुवातीला महिन्याला २,६०० युरो ठरले होते, कापून हातात १,८५० च्या आसपास यायचे, त्यातले ४२० होस्टेलच्या खोलीला. यात फसवणूक काही नाही, कायदाच तसा आहे. पण हे क्लासने पहिल्या दिवशी, ए १ ची फी घेण्याआधी सांगायला हवं होतं. आम्हांला ते बी १ च्या शेवटी कळलं, तोपर्यंत आठ महिने गेले होते आणि नोकऱ्या सोडून झाल्या होत्या.

कामाच्या स्वरूपाबद्दलही तयारी करून घेतली नाही. पुण्यात आयसीयूत मी व्हेंटिलेटर सांभाळायचे, सेंट्रल लाइन सांभाळायचे, नाइटला डॉक्टर येईपर्यंत निम्मा निर्णय घेतलेला असायचा. इकडे माझ्या वॉर्डात सलाइनची सुई डॉक्टर लावतात आणि नर्स पेशंटला अंघोळ घालते. आपल्याकडे खाटेशेजारी नातेवाईक असतो, स्पंजला मावशी असतात, भरवायला सून किंवा मुलगी असते. इकडे नातेवाईक भेटीच्या वेळेला येतात आणि जातात. अंग पुसणं, कवळी धुणं, भरवणं, कूस बदलणं, पहिल्यांदा उभं करणं हे सगळं नर्सचं. पहिल्या आठवड्यात मी रात्री खोलीवर येऊन रडले. आईला वाटलं थंडीने आजारी पडले.

आज मला त्या कामाबद्दल वेगळं वाटतं आणि तेही सांगायला हवं. रोज सकाळी एका माणसाचं अंग पुसताना त्याची टाच लाल झालीय का, श्वास कालच्यापेक्षा जड आहे का, उजवा हात तो टाळतोय का, आज बोलायची इच्छा आहे का, हे सगळं कळतं. आयसीयूत मी हे मॉनिटरवर शोधायचे. आणि २०२० पासूनच्या इथल्या कायद्याने पेशंटला कसली शुश्रूषा लागेल हे ठरवणं, तिची आखणी करणं आणि ती नीट होतेय का हे बघणं हे काम फक्त परवानाधारक नर्सनेच करायचं आहे, ते डॉक्टरसुद्धा करू शकत नाहीत. हे मला क्लासमध्ये कोणी सांगितलं असतं तर पहिले तीन महिने मी स्वतःला खालच्या पायरीवर ढकललेलं समजले नसते. मॅडम नर्स नाहीत, त्यांच्याकडून मी ही अपेक्षा करत नाही. पण क्लासने जर्मनीत काम केलेली एखादी नर्स महिन्यातून एकदा तरी बोलवायला हवी.

बोलीभाषेचं तर अगदीच राहून गेलं. बाडेन-व्युर्टेम्बर्गला मुली पाठवणाऱ्या क्लासमध्ये श्वाबिश या तिकडच्या बोलीचा एक तासही नाही! जानेवारी २०२४ मधली सकाळची ड्यूटी होती. ८२ वर्षांचे एक शेतकरी आजोबा. ते म्हणाले त्यातलं मला 'फूअस' आणि 'वे' एवढं कळलं. फूस म्हणजे पाऊल, वे म्हणजे दुखणं, हे पाठ होतं. मी दोन्ही मोजे काढले, टाचा बघितल्या, बोटांच्या बेचक्या बघितल्या, पावलावरची नाडी बघितली. सगळं ठीक. तसं लिहिलं आणि पुढच्या खोलीत गेले. तासाभराने आमच्या वॉर्डातली एक जुनी नर्स त्यांच्याकडे गेली, तिने विचारलं कुठे, आणि आजोबांनी हात पोटरीवर ठेवला. पायजमा वर केला तर पोटरी सुजलेली, गरम. डॉक्टरांनी डॉप्लर सोनोग्राफी केली, शिरेत रक्ताची गुठळी निघाली, त्याच दुपारी रक्त गोठू न देणारं हेपरिन सुरू झालं. आजोबा बरे होऊन घरी गेले.

त्या नर्सने मला नंतर कॉफी प्यायला नेलं आणि सांगितलं की श्वाबिशमध्ये फूस म्हणजे कंबरेपासून खालचा सगळा पाय. मी गप्प बसले. कारण आपल्या मराठीतही तसंच आहे. 'पाय दुखतो' म्हटलं की त्यात मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल सगळं येतं, आणि पुण्यात मी न चुकता विचारायचे, "आजोबा, कुठे दुखतोय, हात लावून दाखवा." पुस्तकी जर्मन पाठ केल्यामुळे तो साधा प्रश्न माझ्याकडून राहून गेला. त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. त्यात आहे की 'टेपिश' म्हणजे पुस्तकात गालिचा पण आमच्या आज्यांच्या तोंडी पांघरूण, 'हेबेन' म्हणजे पुस्तकात उचलणं पण इकडे धरून ठेवणं, 'ग्झेल्त्स' म्हणजे जॅम. एका आजींनी 'हेब' म्हटल्यावर मी त्यांना उचलायला गेले होते, त्यांना फक्त हात धरायला हवा होता. त्या वहीची पानं मी मॅडमना पाठवली आहेत. त्यांनी ती वर्गात वाचून दाखवली असं त्यांनी कळवलं, म्हणून मला वाटतं पुढच्या मुलींना थोडं सोपं जाईल.

आता रूम पार्टनरबद्दल. नांदेडची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, मुलगी तेव्हा चार वर्षांची. सेमिनारमध्ये ऑफिसातल्या सरांना तिने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "कुटुंबाला कधी नेता येईल?" उत्तर आलं, "सहा महिन्यांत." त्या एका वाक्यावर तिने मुलीला सासूबाईंकडे ठेवलं. प्रत्यक्षात तिच्या बाबतीत आधी परवाना, मग पुरेसा पगार, आणि मग कुटुंबाला पुरेल एवढं घर भाड्याने मिळालं तरच कुटुंबाचा व्हिसा. श्टुटगार्टच्या आसपास घर मिळणं फार कठीण. तिला एकोणीस महिने लागले. रोज भारतातल्या रात्री साडेआठला ती व्हिडिओ कॉल लावायची, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापासून मुलगी स्क्रीनसमोर यायची नाही, आजीच्या पाठीमागे लपायची. इथल्या होस्टेलात मी तिच्या शेजारच्या खोलीत असायचे. भिंत पातळ होती. हे 'सहा महिने' कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्याबद्दल कोणाला विचारताही आलं नाही. माझा अर्धा तारा इथे गेला, आणि खरं म्हणजे तिच्या जागी मी असते तर दोन गेले असते.

माझी ज्ञानपरीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. वॉर्डात खऱ्या पेशंटची शुश्रूषा करून दाखवायची, तिची आखणी लिहून द्यायची, आणि वेगळी तोंडी परीक्षा. क्लासचा करार बी २ ला संपतो, पण मॅडम ज्ञानपरीक्षेआधीचे आठ रविवार फोनवर माझ्याकडून ऊबरगाबे घ्यायच्या, एक रुपया न घेता, त्यांच्या दुपारच्या झोपेच्या वेळेत. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी पेशंटची माहिती सांगायला लावली तेव्हा मला समोर त्या दिसत नव्हत्या, बंगल्याचा जिना दिसत होता. पास झाले. तीन आठवड्यांनी 'बेरूफ्सउर्कुंडे' आलं, म्हणजे व्यवसायाचा परवाना. त्यावर 'फ्लेगेफाखफ्राउ', म्हणजे परवानाधारक नर्स, असं लिहिलंय. पगार ३,४०० युरो झाला, नाइट आणि रविवारचे वेगळे.

तर जाणार असाल तर हे करा. पहिल्या भेटीत ऑफिसात बसून चार गोष्टी ई-मेलवर लिहून मागा. परवाना मिळेपर्यंत माझं पद काय आणि पगार किती. ज्ञानपरीक्षेचा खर्च आणि तयारी कोणाची. मी मध्येच सोडलं तर किती युरो परत द्यायचे. आणि कुटुंब नेण्याबद्दल कायदा काय म्हणतो, त्यांचा अंदाज नको. तोंडी उत्तर देऊन ई-मेल टाळणारा क्लास असेल तर मूळ कागद बॅगेतून बाहेरच काढू नका. लहान मूल घरी असेल तर दीड-दोन वर्षांचा हिशोब धरूनच घरच्यांशी बोला.

आणि क्लास बघायला जायचं तर शनिवारी अकरा वाजता जा. मॅडम बाहेरच्या मुलींना मागच्या बाकावर बसू देतात, आधी फोन करायची गरज नाही. वरच्या मजल्यावरून फोन येत असतो आणि खाली सगळ्या माना खाली घालून लिहीत असतात. आता फळ्यावर तो २४-४२ चा कागद परत लावलाय असं ऐकलं.